जिराफाला मालवणी कळतं

दाजी, आज तुमचं तेरावं. कुडाळजवळच्या तुमच्या वाडीत आत्ता पंगती उठल्या असतील. इथून कुणालाच येता आलं नाही. सीझन सुरू झालाय, आणि तुम्हीच म्हणायचात ना, "माणसाक सुट्टी गावता, जनावराक नाय." म्हणून हे लिहितेय. तुम्ही होतात तेव्हा मी तुम्हाला जे काही लिहिलं ते सगळे मेमो होते, आणि ते चारही चांगले खरमरीत. हा पाचवा समजा. ह्याच्यावर तुमची सही मागणार नाही.

वीस वर्षं तुम्ही अमिरातीत, अल ऐनच्या ह्या वाळूत जनावरं सांभाळलीत, आणि त्यातली शेवटची नऊ वर्षं मी ऑफिसात बसून तुम्हाला सांभाळलं, असा आपला माझा समज. तुमच्या हाताखालचा गुल खान म्हणतो, उलटं होतं. तुम्ही गेल्यापासून हा पठाण फार बोलायला लागलाय. पूर्वी दिवसभरात दोन वाक्यं बोलायचा, त्यातलं एक जनावराशी.

मी इथे आले तेव्हा पार्क कसलं, अरबाबांचं, म्हणजे आपल्या मालकांचं, घरचं शेतच होतं ते. त्यांच्या वडिलांनी हौसेनं पाळलेली हरणं, मग शहामृगं, मग कुणी भेट दिलेला गेंडा, मग जिराफ. लोक कुंपणाला नाक लावून बघायला लागले, तेव्हा घरच्यांनी एक फाटक बसवलं आणि तिकीट ठेवलं. मुलगा तिकिटं फाडायचा, सून कॅफे बघायची आणि अरबाब स्वतः फाटकाशी खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला कॉफी पाजायचे. आठवड्याला दहा गाड्या आल्या तरी त्यांना वाटायचं, जत्रा भरली. मला नोकरीवर घेतलं ते 'व्हिजिटर मॅनेजर' म्हणून. तेव्हा व्हिजिटरच नव्हते, त्यामुळे मी तुम्हालाच मॅनेज करायला घेतलं.

पहिलं भांडण नावांवरून झालं. मी सगळ्या जनावरांसाठी छान इंग्रजी पाट्या करून आणल्या. बेला, रॉकी, डेझी. एकही जनावर त्या नावाला ओ देईना, कारण तुम्ही आधीच त्यांचं बारसं उरकून टाकलं होतं. गेंड्याचं नाव सरपंच. "तोंड बघा तेचा, खुर्चीर बसलो की माणूस असोच दिसता." सगळ्यात म्हातारी जिराफ माई. तिची आई बाळंतपणात गेली आणि तुम्ही बाटलीनं दूध पाजून, शिडीवर चढून तिला वाढवलंत. इथपर्यंत ठीक होतं. पण एकदा टुरिझमच्या लोकांबरोबर माझी मीटिंग चालली होती आणि टेबलावरच्या वॉकीटॉकीतून तुमचा आवाज घुमला, "वयनी, गप बस! दुसऱ्याच्या पाटीत तोंड घालू नको!" मी जागच्या जागी उभी राहिले. म्हटलं, "दाजी, काय बोलताय?"  पलीकडून तुम्ही हळूच म्हणालात, "तुमका नाय ओ. शहामृगाक."

मला तुम्ही वयनी म्हणायचात, आणि सगळ्यात आगाऊ, सगळीकडे चोच घालणाऱ्या त्या शहामृगाला तेच नाव दिलं होतंत! किती भांडले मी त्यावरून. नाव बदला म्हणून लेखी दिलं. तुम्ही प्रत्येक वेळी मान डोलवायचात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा "वयनी, ये गो". हा वाद तसाच अर्धा राहिला. तुम्हाला वाटत असेल आता मी सोडून देईन, तर तसं काही नाही. मी पुण्याची आहे.

आणि दुसरं भांडण म्हणजे तुमचं गाऱ्हाणं. आम्ही घाटावरची माणसं, आम्हाला ते फक्त ऐकून माहीत. कोकणात काही चांगलं सुरू करायच्या आधी देवासमोर सगळ्यांच्या वतीनं मोठ्यानं मागणं मागतात, आणि जमलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. तुम्ही ते रोज सकाळी साडेआठला जिराफांच्या गोठ्यासमोर घालायचात. हो, गोठा. 'जिराफ हाउस' म्हणा हे मी नऊ वर्षं सांगत होते. एका हातात जतची पेंडी, म्हणजे इथला तो हिरवागार लसूणघास, दुसरा हात कानावर, आणि समोर पार्कातली सगळी माणसं. पठाण, केरळी, नेपाळी, दोन बांगलादेशी. तुमचं सुरू व्हायचं, "बा म्हाराजा! आज जी काय तुझी लेकरा, दोन पायांची नि चार पायांची, हयसर जमली हत, तेंका सुखात ठेव. कोणाक काटो लागा नको. गुलच्या आवशीच्या ढोपराक उतार पडांदे. अरबाबाची साखर खाली येवंदे. फाटकार गर्दी होवंदे, रे म्हाराजा!" आणि ही सगळी मंडळी, ज्यांच्यातल्या एकालाही अक्षर कळत नव्हतं, दणकून ओरडायची, "व्हय म्हाराजा!" त्या ओरडण्यावर गोठ्याच्या वरच्या खिडकीतून आधी माईचं डोकं बाहेर यायचं आणि मग मागून बाकीची वरात.

अरबाबांनी एकदा तुम्हाला विचारलं होतं, "दाजी, ये महाराजा कौन?"

"बडा मालिक. सबका."

"मेरे से बडा?"

तुम्ही जरा विचार केलात. "आपसे थोडा बडा."

म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. दुसऱ्या दिवसापासून तो खुर्ची फाटकावरून उचलून गोठ्यापाशी आणायला लागला आणि सगळ्यांच्या वर आवाज काढून 'व्हय म्हाराजा' म्हणायला लागला.

गंमत म्हणजे पार्क चालायला लागलं ते त्यानंच. माझ्या ब्रोशरनं नाही, माझ्या पाट्यांनी नाही. दुबईच्या देऱ्यात एका खोलीत आठ-आठ जण राहणारी आपली पोरं एका शुक्रवारी गाडी करून आली, तुमचं गाऱ्हाणं ऐकलं आणि तिथेच वाळूत बसून रडली. मग त्यांनी त्याच्या सुरुवातीचा व्हिडिओ सगळ्या गल्फभर फिरवला. पुढच्या आठवड्यात अबूधाबीजवळच्या मुसफ्फाच्या वर्कशॉपमधली मंडळी कंपनीची बस भरून हजर. मग मराठी मंडळं, मग शाळा, मग गोरे लोक. एक जर्मन बाई तर कानावर हात ठेवून तुमच्यापेक्षा सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायची. ह्या रस्त्यावर पूर्वी एक पेट्रोल पंप होता, आणि तोही कंटाळलेला. आता तीन कॅफे, खजूरवाल्यांची रांग आणि एक छोटं हॉटेल, ज्याच्या भिंतीवर रंगवलेला जिराफ घोड्यासारखा दिसतो. मी टाइमटेबलमध्ये 'मॉर्निंग कॉल, साडेआठ' असं छापलं आणि श्रेय घेतलं. माझी लेक ईरा मला तेव्हाच म्हणाली होती, "आई, दाजीकाका इज द शो. यू आर जस्ट द तिकीट." घरचा आहेर.

मला त्या गाऱ्हाण्याचा राग का होता ते मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही, तर आता सांगते. मी काचेच्या आत, एसीत, मला ऐकू येत नसे. फक्त दिसायचं. आणि रोज, अगदी शेवटी शेवटी, तुम्ही डोळ्यांवर माझा चष्मा असल्यासारखी बोटं धरायचात, ऑफिसकडे हात करायचात, आणि सगळेच्या सगळे माझ्या खिडकीकडे वळून खदखदा हसायचे. रोज! मी बाहेर येऊन उभी राहिले, तर तेवढंच तुम्ही गाळायचात. मी विचारलं की तुमचं ठरलेलं उत्तर, "मगे सांगतंय, वयनीनू." नऊ वर्षांत तुमचं ते 'मगे' काही आलं नाही. मी मनाशी पक्कं धरलं की हा माणूस रोज सकाळी चारचौघांत माझी टिंगल करतो. एक मेमो त्यावरच होता.

म्हणून त्या मोठ्या टूर कंपनीचा माणूस आला आणि म्हणाला, "मदाम, रोज एक बस देतो, पण काहीतरी आफ्रिकन हवं, ढोलबिल," तेव्हा मला उकळ्याच फुटल्या. खोटं कशाला बोलू? मी रेकॉर्डिंग मागवलं, स्पीकर लावले आणि तुम्हाला बोलावून सांगितलं की उद्यापासून गाऱ्हाणं बंद, ढोल सुरू.

तुम्ही चिडायचात तेव्हा आवाज चढवत नसायचात, तेच मला जास्त लागायचं. म्हणालात, "वयनीनू, ह्येंचो जलम हयसरच झालो. ह्येंनी आफ्रिका बघूक नाय. ह्येंका मालवणीच कळता."

"जिराफाला मालवणी कळतं?"

"तुमच्यापेक्षा बरा कळता."

झालं! तुमची गावची सुट्टी दुसऱ्याच दिवशी सुरू होत होती. बॅग उचलून तुम्ही म्हणालात, "वाजवा ढोल. बघूया कोण येता." आणि मी, शहाणी, काय म्हणाले? "जा, आणि येताना जरा शांत होऊन या." हे माझं तुमच्याशी शेवटचं बोलणं. आता कितीही वेळा आठवलं तरी ते बदलत नाही.

सोमवारी ढोल वाजले. जिराफ बाहेर आले आणि सरळ लांबच्या कुंपणाला जाऊन पाठ करून उभे राहिले. सरपंचानं कुंपणाजवळचा एक स्पीकर शिंगावर घेतला. वयनी, म्हणजे ती दुसरी, तिनं वायर खाल्ली. मंगळवारी माई गोठ्याबाहेरच आली नाही. बुधवारी डॉक्टर आले, म्हणाले दुखणं काही नाही, पण वय झालंय, हिनं अजून दोन-तीन दिवस खाल्लं नाही तर कठीण आहे, आणि एवढ्या उंच जनावराला आडवं पाडून औषध देणं म्हणजे जिवाशीच खेळ. त्या संध्याकाळी मी फोन काढला आणि तुम्हाला मेसेज लिहिला. "दाजी, ढोल बंद केलेत. माई खात नाहीये. तुम्ही लवकर या. तुमचं बरोबर होतं." लिहिला आणि पाठवला नाही. वाटलं, उद्या सकाळी वाट बघू, कदाचित खाईल, मग शेवटचं वाक्य काढून पाठवू. ते एक वाक्य माझ्या हातून सुटेना हो.

गुरुवारी दुपारी तुम्ही बांगड्याचं तिखलं भातावर ओतून जेवलात, पडवीत आडवे झालात आणि उठलाच नाहीत. तुमच्या मेव्हण्यानं ऑफिसात फोन केला, तो गुलनं घेतला. तो माझ्या दारात येऊन म्हणाला, "मॅडम, दाजी खलास." मी त्याच्यावर ओरडले. म्हटलं, नीट बोल, काय खलास, सुट्टी खलास? तो नुसता टोपी हातात घेऊन उभा राहिला.

तो मेसेज अजून तसाच आहे. न पाठवलेला.

शनिवार उजाडला. माईचा उपासाचा पाचवा दिवस. फाटकाबाहेर दोन बसेस, त्यातली एक त्या टूर कंपनीची, कारण ढोल बंद झाल्याचं त्यांना कळवायचंच राहिलं. अरबाब खुर्चीत, डोळे लाल. मला बोलावून म्हणाले, "मदाम, दाजी का कलाम तुम बोलो."

"अरबाब, मुझे नहीं आता. वो कोंकण का है. मैं पुना की."

"एक ही मुल्क. एक ही बात."

मी म्हटलं, "अरबाब, अल ऐन और दुबई एक ही बात?"

"ला, ला! नहीं! बहुत फरक!" म्हातारा उसळलाच. मग गोठ्याकडे बोट करून म्हणाला, "मदाम, वो मर जाएगी."

यल्ला, चला म्हटलं. गेले. जतची पेंडी धरली, दुसरा हात कानावर ठेवला आणि सुरू केलं, "हे महाराजा, आज आम्ही सर्वजण येथे एकत्र जमलो आहोत…" दाजी, शप्पथ सांगते, महाराष्ट्र मंडळाच्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांचं स्वागत करतात तसं निघालं ते. पुढे मी "आपणांस नम्र विनंती करते की" असंही म्हणाले. कुणाला कळेना 'व्हय' कुठे म्हणायचं. बसमधले लोक टाळ्या वाजवू का नको ह्या विचारात. गोठ्याच्या फटीतून माईचं मागचं टोक दिसत होतं, ते किंचित हललं आणि आणखी आत गेलं. तुम्ही असतात तर वाळूत गडाबडा लोळला असतात.

तेव्हा गुल पुढे आला. "मॅडम, ऐसा नहीं है." आणि त्या सहा फुटी पठाणानं डोळे मिटले, हात कानावर ठेवला आणि खडखडीत मालवणीत सुरुवात केली, "बा म्हाराजा! आज जी काय तुझी लेकरा…" पंधरा वर्षं रोज ऐकून तोंडपाठ! अर्थाचा पत्ता नाही, पण तुमचे हेल, तुमचं मध्येच खाकरणं, सगळं जसंच्या तसं. तो एक ओळ सांगायचा, मी मागून म्हणायचे, आणि 'रे म्हाराजा' आलं की सगळे ओरडायचे. काटो लागा नको. ढोपराक उतार पडांदे. स्वतःच्या आईच्या ढोपराबद्दल आपण काय म्हणतोय हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. साखर खाली येवंदे. व्हय म्हाराजा. आत पावलं वाजायला लागली होती.

मग त्यानं डोळ्यांवर चष्म्यासारखी बोटं धरली आणि रिकाम्या ऑफिसकडे हात केला.  म्हटलं, आलं, हेच ते.

"आणि थय काचेमागे आमची वयनी बसली हा," गुल म्हणाला. "ती ओरडता, तेचा काय्येक मनात घेव नको. तिची बॅग भरलेली हा. ती बॅग रिकामी होवंदे. तिका हयसर आपला माणूस गावांदे, रे म्हाराजा!"

दाजी, हे होतं होय ते!

तुम्हाला आठवत होतं. मी इथे आले त्या पहिल्या महिन्यात पँट्रीत उभी राहून रडले होते. नवऱ्याला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून मी पुण्यातली माझी नोकरी सोडून आलेली, ओळखीचं कुणी नाही, आणि तुम्ही पाणी प्यायला आत आलात तर मी तुम्हाला बोलून गेले की माझी बॅग भरून पलंगाखाली ठेवलीय, कोणत्याही दिवशी परत जाईन.  दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर डबाभर सोलकढी आली, एवढंच. पुढे त्याचा कधी उल्लेख नाही. मला वाटलं, विसरलात.

आणि तुम्ही नऊ वर्षं रोज सकाळी, सगळ्या जगाच्या माणसांकडून वदवून, ती बॅग रिकामी करायला सांगत होतात.

अहो, ती कधीच रिकामी झाली होती! सहा महिन्यांतच. ईराच्या शाळेच्या ट्रिपला लागली म्हणून उपसली, ती पुन्हा भरलीच नाही. मला इथे माणसं मिळाली, भांडायला हक्काचं एक माणूस मिळालं, आणखी काय हवं असतं? फक्त तुम्हाला सांगायचं राहिलं. चार मेमो लिहिले, त्यात हे एक वाक्य कुठे घालायचं सुचलं नाही मला.

मी ती ओळ मागून म्हणायची विसरले, पण बाकीचे थोडेच थांबणार? "व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले, अरबाब ओरडले, दोन्ही बसेस ओरडल्या, त्या टूर कंपनीचा माणूससुद्धा. आणि खिडकीतून माईचं डोकं बाहेर आलं. इकडेतिकडे बघितलं तिनं, बहुतेक तुम्हाला शोधलं. मग मान खाली घातली आणि माझ्या हातातली पेंडी ओढून घेतली. माझ्या ओढणीसकट. ओढणी परत मिळाली, घालण्यासारखी नाही.

तेव्हापासून रोज साडेआठला मी गाऱ्हाणं घालते. माझं मालवणी ऐकून तुमच्या गावानं मला वाळीत टाकलं असतं, पण माई खातेय. टूर कंपनीला ढोल नको झालेत. शहामृगाचं नाव वयनीच आहे, हा विषय मी तूर्त बाजूला ठेवलाय, सोडलेला नाही. गुल मात्र अर्थ विचारत होता. "वो चष्मावाला लाइन का मतलब क्या है? दाजी बोलता था, मत पूछो." मी म्हटलं, नंतर सांगते. बघा, तुमचं 'मगे' मला लागलं.

पण एक गोष्ट ह्या तेरा दिवसांत लक्षात आली. तुमच्या त्या लांबलचक मागण्यात गुलची आई होती, अरबाबांची साखर होती, सरपंचाचं शिंग होतं, मी होते. तुम्ही कुठेच नव्हतात. म्हणून आज सगळं म्हणून झाल्यावर मी थांबले नाही. कानावरचा हात तसाच ठेवला आणि जमेल तसं म्हटलं, "आणि म्हाराजा, आमचो दाजी तुझ्याकडे इलो हा. तो भांडता, तेचा काय्येक मनात घेव नको. तेची बॅग रिकामी होवंदे. तेका थयसर आपला माणूस गावांदे, रे म्हाराजा!"

 'व्हय' म्हणायचं सोडून सगळे गुलकडे बघायला लागले.

"मॅडम," गुल म्हणाला, "ये लाइन नया है?"

"हां. नया है."

"रोज का है?"

"रोज का."

त्यानं मान हलवली, डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत ती ओळ एकदा म्हणून पाहिली. मग पाठ झाल्यासारखा सगळ्यांकडे वळला आणि त्यानं हात वर केला.

"व्हय म्हाराजा!"